रिपोर्टमधला ठळक आकडा आणि स्टॅटिनचा हिशेब

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात माझ्या फोनवर दोन लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट) येऊन पडले. पहिला दादाचा. वय ४६, एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १५८, आणि आकड्याशेजारी लॅबने ठळक अक्षरात ‘एच’ (हाय) छापलेला. खाली दादाचा मेसेज : ‘‘गोळी सुरू करावी लागणार बहुतेक. रात्रभर झोप नाही.’’ दुसरा काकांचा. वय ६४, एलडीएल ११२, ठळक काहीच नाही. त्यांचा मेसेज त्यांच्या स्वभावाला धरून : ‘‘बघ, सगळं नॉर्मल. आणि डॉक्टर म्हणतायत कोलेस्टेरॉलची गोळी घ्या. उगाच.’’

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय संशोधन वाचायचं आणि सोपं करून लिहायचं, हे माझं काम. पण घरात एवढ्यावरच ‘याला कळतं’ असा शिक्का बसतो. त्या आठवड्यात दोघांना मी जे समजावलं, आणि समजावताना माझं मलाच जे नीट कळलं, ते इथे लिहितोय. कारण स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, कोणी घ्यावं हा विचार बहुतेक जण चुकीच्या टोकापासून सुरू करतात. ‘माझं कोलेस्टेरॉल किती?’ हे ते टोक. विचारायला हवं ते असं : पुढच्या काही वर्षांत मला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता किती, आणि गोळीने त्यातली किती कमी होईल? एलडीएलचा आकडा या हिशेबातला एक तुकडा आहे, आणि पुष्कळदा तो सगळ्यात मोठा तुकडा नसतो.

आधी गोळी नेमकं काय करते ते पाहू. कोलेस्टेरॉल खाण्यातून येतं त्याहून जास्त आपलं शरीर स्वतः बनवतं. यकृताच्या पेशीत ते बनवण्याची एक लांब साखळी असते आणि त्या साखळीत एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम कळीच्या जागी बसलेलं असतं. स्टॅटिन नेमकी तिथे पाचर मारतं. घरचं उत्पादन घटलं की पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडतं, मग ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातून एलडीएल ओढून घेते. रक्तातला आकडा उतरतो तो असा. गोळी रक्तात जाऊन चरबी विरघळवते अशी जी समजूत आहे, तिला काही आधार नाही. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. औषध मात्र जपानमध्ये सापडलं. सँक्यो कंपनीतल्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळाच्या नमुन्यातून मिळालेल्या एका बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. बुरशी आपल्या सूक्ष्म शत्रूंची वाढ रोखायला असं रसायन बनवत असावी, ही त्यांची मूळ अटकळ. बाजारात पोचलेलं पहिलं स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं.

औषधाने आकडा उतरतो हे दिसलं, तरी माणसं वाचतात का हे कळायला १९९४ उजाडलं. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवर झालेल्या ‘फोर-एस’ चाचणीत निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिलं, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी नकली गोळी. साधारण साडेपाच वर्षांत नकली गोळीवाल्यांपैकी ११.५ टक्के माणसं दगावली, स्टॅटिनवाल्यांपैकी ८.२ टक्के. त्यानंतर, आधीच हृदयविकार असलेल्या माणसाने स्टॅटिन घ्यावं की नाही यावर गंभीर वाद उरलेला नाही.

जिथे गणित लागत नाही

त्यामुळे काही जणांच्या बाबतीत पुढचा सगळा काथ्याकूट गैरलागू आहे. ज्याला अटॅक येऊन गेला, ज्याच्या हृदयात स्टेंट आहे, ज्याची बायपास झाली, रक्तवाहिनी तुंबून ज्याला पक्षाघात झाला, त्याच्यासाठी स्टॅटिन हा उपचाराचाच भाग आहे. असा माणूस ‘आता कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून गोळी सोडतो तेव्हा तो खरोखर धोका पत्करत असतो.

दुसरा गट, ज्यांचं एलडीएल १९० किंवा त्याहून वर आहे. इथे बाकी काही न मोजता औषध सुरू करतात, कारण एवढ्या वरचा आकडा अनेकदा जन्मापासूनचा असतो. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरॉलेमिया या आनुवंशिक दोषात एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी किंवा सदोष असतात आणि रक्तवाहिन्या बाळपणापासून जास्त एलडीएलमध्ये भिजत राहतात. दर अडीचशे माणसांमागे साधारण एकाला हा दोष असतो. म्हणजे तो दुर्मीळ अजिबात नाही, फक्त ओळखला जात नाही. एकाला सापडला की भावंडांची आणि मुलांची तपासणी करायची असते, आणि ही गोष्ट फार कमी घरांत कोणी सांगतं.

तिसरा गट, ४० ते ७५ वयातले मधुमेही. त्यांनाही बऱ्याच मार्गदर्शक सूचना मध्यम ताकदीचं स्टॅटिन घ्यायलाच सांगतात.

आमचा दादा आणि काका यांपैकी कशातच बसत नव्हते. बहुतेक माणसं बसत नाहीत, आणि खरा प्रश्न त्यांचाच आहे : तब्येत बरी आहे, छातीत कधी दुखलं नाही, अशा माणसाने आयुष्यभर रोज एक गोळी घ्यायची का?

गणित

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांची नोंद करून वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात झाली. कोणाला हृदयविकार होतो आणि त्यांच्यात आधीपासून काय वेगळं होतं, एवढंच बघायचं होतं. वय, बीपी, सिगारेट, कोलेस्टेरॉल, मधुमेह ही आज तोंडपाठ असलेली यादी बऱ्याच अंशी तिथून आली. या गोष्टी एकत्र घालून माणसाची पुढच्या १० वर्षांतली जोखीम काढण्याची सूत्रंही तिथूनच सुरू झाली. आज ब्रिटनमध्ये क्यूरिस्क-३ वापरतात, युरोपात स्कोअर-२, अमेरिकेत २०२३ साली ‘प्रिव्हेंट’ आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ विभाग पाडून त्यांचे वेगवेगळे तक्ते दिले. त्यातला एक तक्ता तर रक्ततपासणीशिवाय, वजन-उंचीवरूनही अंदाज देतो.

अशाच एका सूत्रात दादाची माहिती भरली : सिगारेट नाही, बीपी १२४, शुगर ठीक. उत्तर आलं ३ टक्के. काकांची भरली : दिवसाला सात-आठ सिगारेटी, बीपीची गोळी चालू असूनही वरचा आकडा १५०. उत्तर आलं २० टक्क्यांच्या आसपास. ठळक ‘एच’वाला ३ टक्के आणि ‘सगळं नॉर्मल’वाला २० टक्के. काकांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तुझं मशीन बिघडलंय.’’

मशीन बिघडलेलं नव्हतं. फक्त लॅब जे सांगत नाही ते ते सांगत होतं. लॅबचा ठळक ठसा एकच आकडा एकाच मर्यादेशी ताडून उमटतो. त्या कागदाला तुमचं वय समजतं, पण तो ते विचारात घेत नाही. तुमची सिगारेट तर त्याला ठाऊकच नसते.

आता गोळी. अनेक मोठ्या चाचण्यांची मूळ आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा एक गोष्ट कमालीच्या सातत्याने दिसली : एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरलं (बऱ्याच देशांत वापरतात त्या दुसऱ्या एककात १ मिलिमोल) की अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी अशा घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. जोखीम कमी असो वा जास्त, हे प्रमाण फारसं हलत नाही. मध्यम ताकदीच्या स्टॅटिनने बहुतेकांचं एलडीएल तेवढं किंवा थोडं अधिक उतरतं. हिशेबाला सोपं म्हणून आपण घट ‘एक चतुर्थांश’ धरू.

डोळ्यांसमोर दादासारखी १,००० माणसं उभी करा. गोळी न घेता पुढच्या १० वर्षांत त्यांतल्या ३० जणांना काहीतरी होणार. सगळ्यांनी रोज गोळी घेतली तर २२-२३ जणांना होईल. सात-आठ जण वाचले. उरलेल्यांपैकी ९७० जणांना गोळीविनाही काही होणार नव्हतं आणि बाविसेक जणांना गोळी घेऊनही झालंच. आता काकांसारखी १,००० माणसं. २०० जणांना होणार होतं, गोळीने १५० जणांना झालं. ५० जण वाचले. गोळी तीच, घट तीच, पदरात पडलेला फायदा सहा-सात पट. दादासारख्या सुमारे १३० जणांनी १० वर्षं गोळी घेतली तेव्हा एकाची घटना टळते, काकांसारख्या २० जणांनी घेतली की एकाची.

औषधाच्या बातम्या वाचताना इथेच घोळ होतो. १९९५ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम भागात, पूर्वी अटॅक न आलेल्या पण कोलेस्टेरॉल बरंच वर असलेल्या ६,५९५ पुरुषांवर प्राव्हास्टॅटिनची चाचणी झाली. ‘३१ टक्के घट’ असा तिचा निकाल गाजला. खरं होतं ते. पण मूळ आकडे होते नकली गोळीवाल्यांत ७.९ टक्के आणि औषधवाल्यांत ५.५ टक्के, म्हणजे पाच वर्षांत शंभरामागे दोन-अडीच माणसं. २०१६ च्या होप-३ चाचणीत मध्यम जोखमीच्या १२,७०५ जणांमध्ये ४.८ टक्क्यांवरून ३.७ टक्के झालं, शंभरामागे एकाहून किंचित जास्त. कंपन्या पहिल्या तऱ्हेचा आकडा सांगतात, गोळ्यांचे विरोधक दुसऱ्या तऱ्हेचा. दोघंही खोटं बोलत नाहीत. तुम्ही दोन्ही विचारा. ‘टक्क्यांनी घट’ असं कोणी म्हटलं की ‘कितीवरून कितीवर?’ हा प्रश्न जिभेवर तयार ठेवा.

रेघ कोणी मारली?

मग किती टक्क्यांपासून गोळी घ्यायची? ही रेघ निसर्गाने मारलेली नाही, समित्या मारतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये ती २० टक्क्यांवरून १० वर आणली. औषधाची पेटंटं संपून ते स्वस्त झालं होतं, कमी जोखमीच्या माणसांवरचा पुरावाही जमला होता. रेघ खाली सरकताच लाखो निरोगी माणसं एका रात्रीत ‘गोळीपात्र’ झाली आणि त्यावरून तिथल्या डॉक्टरांमध्ये चांगलीच जुंपली. २०२३ मध्ये त्याच संस्थेने आणखी एक वाक्य जोडलं : १० टक्क्यांच्या खाली असलेल्या माणसाला गोळी हवीच असेल तर केवळ आकड्यासाठी नाकारू नका. अमेरिकेत २०१३ मध्ये रेघ ७.५ टक्क्यांवर मारली गेली. २०१८ मध्ये तिथे चार पट्टे केले : ५ च्या खाली कमी, ७.५ पर्यंत सीमेवर, २० पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. मधल्या पट्ट्यात डॉक्टर आणि रुग्णाने बोलून ठरवावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आणि सूत्र बदललं की आकडाही बदलतो. अमेरिकेतल्या जुन्या सूत्रात माहिती भरून मग नव्या ‘प्रिव्हेंट’मध्ये भरली तर अनेकांची जोखीम जवळजवळ निम्म्यावर येते. माणूस तोच, रक्त तेच. म्हणून ७.४ आणि ७.६ मध्ये फार अर्थ शोधू नये. सूत्र सांगतं ते तुमच्यासारख्या हजार माणसांबद्दल. त्या हजारांतले तुम्ही कोण, हे त्याला ठाऊक नाही.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्येच या अडचणीवर बोट ठेवलं होतं. प्रतिबंधाचा जो उपाय समाजाला मोठा लाभ देतो, तो त्यातल्या एकेका माणसाला फारच थोडा देतो. सरकारचं धोरण आणि तुमचा निर्णय यांत म्हणूनच फरक पडू शकतो. दोन्ही बरोबर असू शकतात.

बाबांचं वय

इथवर दादाला मी सांगितलं होतं की तुझी जोखीम ३ टक्के आहे, शांत झोप. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. ‘‘अरे, त्या तुझ्या मशीनमध्ये बाबांचं कुठे विचारलंच नाही.’’

बाबांना पहिला अटॅक आला तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल तर ती गोष्ट वजनदार धरतात. पण मी वापरलेल्या सूत्रात घराण्याचा रकाना नव्हता. क्यूरिस्कमध्ये असतो, अमेरिकी सूत्रांत नसतो. मला हे माहीत होतं आणि तरी मी विसरलो. बाबा माझेही तेच.

अनेक सूत्रांबाहेर राहिलेल्या अशा बऱ्याच गोष्टी आहेत, आणि मधल्या पट्ट्यातल्या माणसाचा निर्णय अनेकदा त्याच फिरवतात. किडनीचा जुना आजार, संधिवाताभ (रूमेटॉइड आर्थ्रायटिस), सोरायसिस, एचआयव्ही. दक्षिण आशियाई वंश (अमेरिकी सूचनांत हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे). स्त्रियांच्या बाबतीत चाळिशीआधी बंद झालेली पाळी, किंवा गरोदरपणात बीपी वाढून झालेला प्रीएक्लॅम्प्सिया. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाळंतपणाची कहाणी वीस वर्षांनी हृदयाच्या डॉक्टरांना सांगायची असते हे कोणाच्या गावीही नसतं. मग लायपोप्रोटीन-ए : एलडीएलचाच एक चिकट भाऊबंद, जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक. पथ्य-व्यायामाने तो हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसतही नाही. आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो.

एवढं करूनही काटा मधेच अडकला तर एक तपासणी पारडं झुकवते : हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन. सुई नाही, डाय नाही, काही मिनिटांचं काम. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा जुना थर असेल तर त्यात कॅल्शियम साठलेलं दिसतं. स्कोअर शून्य आला, आणि माणूस सिगारेट ओढत नसेल, मधुमेह नसेल, घराण्यात लवकरचा हृदयविकार नसेल, तर गोळी काही वर्षं पुढे ढकलायला हरकत नसते. १ ते ९९ आला तर पारडं गोळीकडे, विशेषतः पंचावन्नच्या पुढे. १०० किंवा वर आला तर घ्यावीच. पण तरुण माणसाच्या शून्यावर फार विसंबू नये, कोवळ्या थरात कॅल्शियम नसतंच. आणि गोळी सुरू झाल्यावर ‘फायदा झाला का’ बघायला हा स्कॅन पुन्हा करू नये. स्टॅटिनने थर घट्ट होतो आणि स्कोअर वाढलेलाच दिसू शकतो.

दादाच्या डॉक्टरांनी स्कॅन करवला. स्कोअर २८. शेचाळीसाव्या वर्षी तो शून्य असलेला बरा. ३ टक्केवाल्या दादाला गोळी सुरू झाली, आणि ती एलडीएलच्या ठळक ठशामुळे नव्हे, बाबांमुळे आणि त्या २८ मुळे.

तरुण आणि म्हातारे

दहा वर्षांच्या हिशेबाची मोठी खोट म्हणजे त्यात वय बाकी सगळ्यांना झाकून टाकतं. सत्तरीचा निर्व्यसनी, सडपातळ माणूसही केवळ वयाने रेघ ओलांडतो. उलट पस्तिशीतल्या माणसाचं एलडीएल १७० असलं तरी त्याची १० वर्षांची जोखीम क्षुल्लक दिसते. पण थर काही दहा वर्षांच्या हप्त्यांत बसत नाही, तो आकडा गुणिले वर्षं असा साचत जातो. पीसीएसके-९ या जनुकात जन्मजात बिघाड असलेल्या माणसांचा २००६ मध्ये अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनीच कमी होतं, पण हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. जन्मभर थोडं कमी असणं हे साठीनंतर बरंच कमी करण्यापेक्षा भारी पडतं. यावरून काही तज्ज्ञ तरुणपणीच गोळीच्या बाजूने बोलतात. मला तो युक्तिवाद पटतो, पण निम्माच : चाळीस वर्षं रोज गोळी घेतलेल्या निरोगी तरुणांवरची चाचणी कोणी केलेली नाही. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईसाठी तर हा प्रश्न आणखी वेगळा आहे, गरोदरपणात बहुतेकींची स्टॅटिन थांबवतात.

पंचाहत्तरीनंतर पहिल्यांदा सुरू करायची का, याबाबत अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये सरळ लिहिलं की पुरावा अपुरा आहे. इथे एक कामाचा विचार आहे : फायदा दिसायला लागणारा वेळ. ५० ते ७५ वयाच्या लोकांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर शंभरातल्या एकाची घटना टळायला साधारण अडीच वर्षं लागतात. दुसऱ्या गंभीर आजाराने ज्याचं आयुष्य तेवढंही उरलेलं नाही, त्याच्या डबीतली ही गोळी काढून टाकली तर त्याचं काही बिघडत नाही. ठणठणीत अठ्ठ्याहत्तरीच्या बाईंशी मात्र बोलायलाच हवं.

काकांच्या मांड्या

काकांनी शेवटी गोळी घेतली, कुरकुरत. तीन आठवड्यांनी फोन. ‘‘मांड्या भरून आल्यात. तुझ्या गोळीने मी लंगडा होणार.’’

मांड्या खरोखर दुखत होत्या, यात मला शंका नाही. गोळीने दुखत होत्या का, हा वेगळा प्रश्न. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निकाल आले. स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून ती सोडून दिलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या : चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या नकली गोळ्यांच्या, आणि चार रिकाम्या. गोळ्या असलेल्या बाटलीत कोणती गोळी, ते कोणालाच माहीत नाही. त्रासाला रोज शंभरापैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी गुण ८ आले. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि नकली गोळीच्या महिन्यांत १५.४. गोळी गिळल्यावर जो जास्तीचा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के नुसती गोळी गिळण्याचा होता, आत स्टॅटिन असो वा नसो. याला नोसिबो म्हणतात : त्रास होईल या अपेक्षेने होणारा खराखुरा त्रास. आपापले आलेख दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

मग स्टॅटिनने स्नायू दुखतच नाहीत का? दुखतात, थोड्यांचे. मोठ्या चाचण्यांच्या २०२२ मधल्या एकत्रित अभ्यासात पहिल्या वर्षी हजारामागे ११ जणांना स्टॅटिनमुळे जास्तीची स्नायूदुखी दिसली, पुढे फरक जवळपास मावळला. स्नायू खरोखर फुटून किडनीवर ताण येणं फार विरळ आहे, पण लघवी चहासारखी गडद झाली आणि अंग विलक्षण दुखत असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन याच कारणाने २००१ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. काही अँटिबायोटिकं आणि बुरशीवरची औषधं काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, तेव्हा दुसऱ्या कुठल्या आजारासाठी औषध घेताना ‘मी स्टॅटिन घेतो’ हे सांगायला विसरू नये.

शुगरची भीती खरी आहे, पण तिचं माप समजून घ्यावं. चार वर्षं सुमारे २५५ जणांना स्टॅटिन दिलं की एकाला जास्तीचा मधुमेह होतो, असं २०१० च्या एका विश्लेषणात निघालं. मोठ्या डोसात हे प्रमाण वाढतं. होतो तो बहुतेक अशांनाच, ज्यांची शुगर आधीच उंबरठ्यावर होती. यकृताबद्दलची धास्ती मात्र अवाजवी ठरली. गोळी घेणाऱ्या सगळ्यांची यकृताची तपासणी पुन्हा पुन्हा करण्याची अट अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२ मध्येच काढून टाकली.

काकांच्या डॉक्टरांनी गोळी दोन आठवडे थांबवली, मांड्या उतरल्या, मग दुसरं स्टॅटिन कमी डोसात दिलं. ते सोसलं. डोसाबद्दल एक गंमत माहीत असावी : स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी फक्त सहाएक टक्के उतरतं. सगळ्यात मोठी उडी पहिल्या छोट्या डोसातच मिळते. म्हणून ज्याला मोठा डोस सोसत नाही त्याने ‘मला चालतच नाही’ म्हणून सगळंच सोडू नये. आणि सिगारेट? काकांच्या २० टक्क्यांतला मोठा वाटा तिचा होता. ती सोडली असती तर गोळीइतका तरी लाभ, बहुधा जास्तच, फुकट मिळाला असता. आठवरून तीनवर आलेत, असं ते म्हणतात. काकूंचं म्हणणं पाच.

दोघांची तपासणी दोनेक महिन्यांनी पुन्हा झाली. डोस लागू पडतोय का हे पाहायला एक ते तीन महिन्यांत ती करतातच. दादाचं एलडीएल १५८ वरून ९४. रिपोर्टवर यावेळी ठळक काहीच नव्हतं. त्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘आता नॉर्मल आलंय. म्हणजे गोळी बंद?’’

मी त्याला फोन केला. ९४ हा त्याच्या यकृताचा नवा स्वभाव नव्हता, रोज रात्री घेतलेल्या गोळीचा परिणाम होता. सोडली की काही आठवड्यांत १५८ परत. त्याने ‘हं’ म्हटलं. मग विचारलं, ‘‘तुझा स्कोअर किती आला रे?’’

स्कॅनची वेळ मी परवाच घेतली.